तिघींचं एकच उत्तर

मॅडम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी गावी होते आणि आमच्या अंगणात उडदाचे पापड वाळत होते. उन्हाळ्यात आमच्या भातकुलीकडच्या गावांत बाया आळीपाळीनं एकमेकींच्या घरी पापड लाटायला जातात. त्या दिवशी आमच्या घराची पाळी होती. माझे हात तेलाचे होते, म्हणून धाकट्या बहिणीनं, पूजानं, माझा फोन उचलून वाचला. "तायडे मॅडमच्या घरून आहे. सकाळी वारल्या म्हणते." मी लाटणं हातात धरून तशीच बसले. आई म्हणाली, "कोणती मॅडम? ते पापडवाली?" मी मान हलवली. आईनं हातातली लाटी खाली ठेवली. मग बाकीच्या बायांना म्हणाली, "अकोल्याची बाई होती. आमच्या कोमलचं वर्ष तिनं वाचवलं." बायांचे हात थांबले. एकीनं मला पाणी आणून दिलं...

मॅडम पापड विकत नव्हत्या. अकोल्याच्या एका अध्यापक महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं, आणि निवृत्तीनंतर त्या एका वेगळ्याच गोष्टीच्या मागे लागल्या होत्या. इंटरनेटवर जे खुले, मोफत अभ्यासक्रम असतात, त्यांत अनोळखी माणसं एकमेकांसोबत कशी शिकतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. आईच्या तोंडी 'पापडवाली' कसं आलं ते पुढे सांगते. मी याआधी कॉलेजच्या वार्षिकांकातसुद्धा काही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठे मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

मॅडम भेटल्या तेव्हा मी अमरावतीला पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आमच्याकडे एक विषय ऑनलाइन पूर्ण करता येत होता आणि त्याचे श्रेयांक पदवीत धरले जात होते. मी आकडेवारीचा अभ्यासक्रम घेतला, कारण तो सोपा आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. माझ्या वसतिगृहाच्या खोलीतल्या दोघींनीही तोच घेतला. सविता तिवस्याची, कबड्डी खेळायची. रोशनी परतवाड्याची, आणि तिच्या फोनचा पडदा आमच्यात सगळ्यांत मोठा. आम्ही तो फोन डब्याला टेकवून उभा करायचो आणि तिघी पलंगावर ओळीनं बसायचो. एकीला समजलं नाही की ती म्हणायची, "थांबव." मग जिला समजलं ती सांगायची. तिचं दुसरीला पटायचं नाही आणि भांडण लागायचं. अर्ध्या तासाचा व्हिडिओ संपायला कधीकधी संध्याकाळ व्हायची. मला आकड्यांची लहानपणापासून भीती, पण त्या पलंगावर ती हळूहळू कमी झाली.

मग एक स्वाध्याय आला. आपल्या आजूबाजूची काही माहिती गोळा करायची आणि तिच्यावरून सरासरी आणि मध्यक यांतला फरक समजावून सांगायचा. आम्ही मेसमध्ये कोण किती पोळ्या खाते ते मोजलं. सविता एकटीच इतक्या पोळ्या खायची, की तिच्यामुळे सगळ्यांची सरासरी वर जायची. पण सगळ्या मुलींना पोळ्यांप्रमाणे ओळीत उभं केलं, तर मधल्या मुलीच्या ताटात मात्र, सविता कितीही खावो, तेवढ्याच पोळ्या राहायच्या; तो मध्यक. सविता म्हणाली, "म्हंजे माह्या खाण्यानं बाकीच्या पोरी बदनाम होतेत." इतकं सोपं करून आम्हाला कोणत्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आम्ही तिघींनी मिळून ते उत्तर लिहिलं, वाक्य न् वाक्य भांडून, आणि तिघींनी आपापल्या नावानं तेच पाठवून दिलं. यात काही वावगं आहे असं आमच्या मनातही आलं नाही. सोबत केलेलं सोबत वाढून घ्यायचं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

त्या अभ्यासक्रमात विद्यार्थीच एकमेकांची उत्तरं तपासायचे. कुठल्या तरी गावच्या विद्यार्थ्यापुढे आमची दोन उत्तरं एकदमच आली असणार. काही दिवसांत तिघींनाही ईमेल आला. तुमची उत्तरं शब्दशः सारखी आहेत, ही नक्कल धरली जाईल, आणि समाधानकारक खुलासा आला नाही तर श्रेयांक मिळणार नाहीत. श्रेयांक गेले असते तर माझी पदवी त्या वर्षी अडकली असती. आणि माझं वर्ष अडकलं असतं, तर पूजाचं कॉलेज सुरूच झालं नसतं. बाबांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "मोठी निघाली तं लहानीले धाडू." ते कठोरपणे म्हणत नव्हते. दोघींना एकदम शिकवणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं, आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज घ्यायचा एवढाच त्यांचा हिशोब होता. पूजा तेव्हा बारावीला होती आणि फोन केला की रोज विचारायची, "झालं काय तुयं?"

खुलासा कसा लिहायचा तेही आम्हाला येत नव्हतं. तेवढ्यात अजून एक ईमेल आला, तो तायडे मॅडमचा. अभ्यासक्रम चालवणाऱ्यांच्या परवानगीनं त्या आमच्या तुकडीचा अभ्यास करत होत्या. त्यांनी लिहिलं होतं की, निर्णय होण्याआधी मला या मुलींना भेटू द्या अशी विनंती मी केली आहे. मी अकोल्याला राहते. रविवारी आले तर चालेल का?

आम्ही खोली झाडून ठेवली. कोणी कडक बाई येणार असं वाटत होतं. आल्या त्या बुटक्या, घामाघूम झालेल्या, बसमध्ये उभ्यानं आलेल्या बाई. आल्या आल्या म्हणाल्या, "आधी पाणी द्या, मग भांडू." पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"तिघींनी," मी म्हणाले.

"तिघींनी म्हणजे एकीनं लिहिलं आणि दोघींनी उतरवलं?"

तेव्हा सविता भडकली. "पापड लाटाले आमच्याकडे धा बाया बसतेत, मॅडम. मंग त्यातली कोणी म्हणते काय का, तुनं मायी कॉपी केली म्हून?"

मला वाटलं आता संपलं. मॅडम मात्र सविताकडे बघतच राहिल्या. मग पलंगावर मांडी घालून बसल्या आणि त्यांची भाषाच बदलली. "बरोबर हाय तुयं. धा बाया बसतेत. पण पापड पाह्यला की कोणाचा हात हाय ते समजते का नाही? कोणाचा जाड, कोणाचा वाकडा, कोणाचा कडेनं फाटलेला. तुमच्या उत्तरात मले हात दिसून नाही राह्यला, पोरींनो. पीठ एक असू द्या. हात तीन पाह्यजेत."

आम्ही तिघी गप्प झालो. त्यावर त्या हसल्या. "माझ्या अभ्यासात पण तुम्ही अशाच गप्प आहात," त्या पुन्हा साध्या भाषेत म्हणाल्या. अभ्यासक्रमात चर्चेसाठी एक पान होतं. तिथे जे लिहायचे ते 'सोबत शिकणारे' आणि जे लिहायचे नाहीत ते 'एकटे' असं त्यांनी धरलं होतं. आम्ही त्या पानावर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं, म्हणून त्यांच्या हिशोबी आम्ही तिघी वेगवेगळ्या, एकट्या आणि बहुतेक कंटाळलेल्या विद्यार्थिनी होतो. मग त्यांनी आम्हाला एकेक करून व्हरांड्यात बोलावलं आणि मेसच्या पोळ्या सोडून दुसरं काहीतरी घेऊन तोच फरक समजवायला सांगितलं. मी एसटी सांगितली. आमच्या गावाची गाडी रोज थोडी उशिरा येते, पण एखाद्या दिवशी ती इतकी उशिरा येते की त्या एका दिवसानं सगळी सरासरी बिघडते. मध्ये मी अडखळले आणि म्हणाले, "हे मला आधी समजलं नव्हतं, रोशनीनं सांगितलं." मॅडमनी विचारलं, "रोशनीनं काय सांगितलं? तिच्याच शब्दात सांग." मी रोशनीचे शब्द सांगितले, मग मला ते का पटले नव्हते ते सांगितलं, मग भांडण कसं मिटलं तेही. त्या ऐकत राहिल्या. घाई त्यांना नव्हतीच.

त्यांच्या सांगण्यावरून आम्हाला स्वाध्याय पुन्हा करायची मुभा मिळाली. अट एकच, प्रत्येकीनं आपली माहिती आपण गोळा करायची. मी एसटीचंच लिहिलं. रोशनीनं परतवाड्याच्या बाजारातल्या संत्र्यांचं लिहिलं. सविता पुन्हा खाण्यावरच गेली, या वेळी कबड्डीच्या पोरींच्या. बसायचो मात्र तिघी सोबतच, त्याच पलंगावर. त्याला त्यांनी मनाई केली नव्हती. उलट फोनवर बजावलं होतं, "एकटीनं बसून केलं असेल तर मला ओळखू येईल हं." श्रेयांक मिळाले. मी घरी फोन करून बाबांना सांगितलं. मग त्यांनी हाक मारली, "पूजा, इकडं ये." पापडाची ती गोष्ट मी घरी सांगितली, तेव्हापासून आईच्या तोंडी मॅडम म्हणजे 'पापडवाली'.

पुढे मी शिकवण्या घेत अमरावतीतच एम.ए.ला गेले आणि मॅडमची माझी चांगली ओळख झाली. आमच्यामुळे त्यांच्या कामाचं काय झालं ते मला तेव्हा कळलं. लिहून होत आलेला मोठा भाग त्यांनी बाजूला ठेवला होता. त्यांच्या ओळखीचे लोक म्हणत, या वयात कशाला, आहे तेच छापून टाका. त्या म्हणत, "ज्यांना मी एकटं म्हटलं ते एकटे नाहीत, हे माहीत झाल्यावर कसं छापू?" मग त्या फिरल्या. अकोल्याच्या एका दुकानामागे चार पोरं मोबाइल दुरुस्त करता करता व्हिडिओ बघायची, त्यांच्याजवळ बसल्या. सासू-सून मिळून शिवणकामाचा अभ्यासक्रम करत होत्या, त्यांच्या घरी जेवून आल्या. तिथे एकदा मलाही सोबत नेलं होतं. मी वहीत काहीतरी लिहायला लागले, तर हळूच म्हणाल्या, "आधी शिक त्यांच्यासोबत. लिहायचं नंतर." त्या दिवशी मी काजं करायला शिकले.

अकोल्याच्या त्यांच्या घरी मी दोन-तीनदा गेले. त्यांचे यजमान वीज खात्यातून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना काका म्हणतो. काकांना हे सगळं काम म्हणजे गंमतच वाटायची. मी गेले की म्हणायचे, "लोकं सोबत बसून शिकतेत, याच्यात अभ्यास कराचं काय हाय? मले इचारलं असतं तं एका वाक्यात सांगतलं असतं." मॅडम आतून म्हणायच्या, "मग बसा ना एकदा, आणि सांगा." काका पेपर उघडायचे. शेवटच्या भेटीत मॅडम खूप बारीक झाल्या होत्या, पण मजकूर पूर्ण झाल्याचं समाधान चेहऱ्यावर होतं. त्यांच्या आजाराबद्दलच्या माझ्या प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली नाहीत. पूजाचं काय चाललंय, तेवढंच विचारत राहिल्या.

पूजाची पदवी झाली आणि या वर्षी तिला अकोल्याच्या कॉलेजात एम.ए.ला प्रवेश मिळाला. तिला वसतिगृहावर सोडायला बाबा आणि मी गेलो. बाबा दुपारच्या गाडीनं परत गेले, आणि आम्ही दोघी मॅडमच्या घरी गेलो. पूजानं मॅडमना कधीच पाहिलं नव्हतं. मला आत जायची भीती वाटत होती... पण मॅडमची खोली बंद नव्हती की आवरून ठेवलेलीही नव्हती. टेबलावर मॅडमचा लॅपटॉप उघडा होता आणि काका चष्मा कपाळावर सरकवून त्याच्यासमोर बसले होते. त्यांनी आमचाच अभ्यासक्रम घेतला होता, आकडेवारीचा.

"काहून काका?" मी विचारलं.

"इतके साल हे बाई काय करून राहिली होती ते पाहाव म्हटलं," ते म्हणाले. "पण मले हा मध्यक काही समजून नाही राह्यला. तीन डाव पाह्यलं."

पूजा माझ्यापेक्षा धीट. तिनं खुर्ची ओढली आणि बसली. "लावा पुन्हा." व्हिडिओ सुरू झाला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "थांबवा, काका, हे चुकीचं सांगून राहिला तो." काका म्हणाले, "तो मास्तर हाय, तो कसा चुकीन?" पूजा म्हणाली, "मंग मले समजवा." काकांना समजवता येईना. त्यांनी वीजबिलाचं उदाहरण घेतलं. तिनं ते खोडलं, मग त्यांनी ते परत मांडलं. मी दारात उभी राहून ऐकत होते. चहा करायचा राहूनच गेला. शेवटी दोघांचं एकमत झालं आणि काकांनी उत्तर एका बोटानं टाइप केलं. उत्तराच्या खाली एक नवीन रकाना होता, आमच्या वेळी तो नव्हता. 'हे तुम्ही कोणासोबत शिकलात?' मी तो दोनदा वाचला. तो कोणाच्या सांगण्यावरून आला असेल, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

काकांनी पूजाचं नाव लिहिलं. मग हात तसाच ठेवून म्हणाले, "तुमच्या मॅडमचं टाकू काय?"

पूजानं विचारलं, "त्या बसल्या होत्या काय तुमच्यासोबत?"

"नाही. ते म्हणे बसा, अन् मी पेपर वाचत बसो."

"मंग नका टाकू, काका. खोटं होईन."

मला वाटलं त्यांना लागेल. काका पडद्याकडे बघत राहिले, मग मोठ्यानं हसले. हसताना त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. "पोरगी तुयापेक्षा कडक हाय," ते मला म्हणाले. "तुया मॅडमनंही मले हेच म्हटलं असतं." त्यांनी पायानं दुसरी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तू काहून उभी हायेस? पुढचा धडा अजून कठीण हाय म्हणते."

मी बसले. पूजानं पुढचा व्हिडिओ लावला, आणि पहिल्याच मिनिटाला काका म्हणाले, "थांबव."