आजोबांचा निळा थर

सांव लोरेन्सोच्या चर्चच्या कोपऱ्यावर जी तोफ तोंड खाली करून जमिनीत पुरलेली आहे, तिला बेटावर कोणी तोफ म्हणत नाही. ते आजोबा. पोर्तुगिजांनी ती किल्ल्यावर कधी चढवली आणि पुढे गाड्यांची चाकं चर्चच्या भिंतीला घासू नयेत म्हणून इथं कोणी रोवली, हे जुन्या वह्यांत असेल तर असेल. बायकांना एवढंच ठाऊक, की होडी निघाली की आजोबांच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि होडी परत आली की पुन्हा ठेवायचा. या आजोबांना दरवर्षी सांवाच्या, म्हणजे संत लोरेन्सोच्या, सणाच्या आदल्या सकाळी चुना लावते ती देल्मिरामावशी.

मावशी लग्न होऊन बेटावर आली तेव्हा आजोबा डांबरानं काळेकुट्ट होते. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच नवरा क्रिस्पिम वादळात सापडला. तीन दिवस होडीचा पत्ता नाही. सासू रडून दमली. देल्मिरा रडली नाही. ती आजोबांपाशी गेली आणि चर्चच्या दाराकडे तोंड करून बोलली, "सांवा, त्याला परत आण. मी जिवंत असेपर्यंत तुझ्या दारातल्या या म्हाताऱ्याला वर्षाच्या वर्षाला पांढरे कपडे घालीन." चौथ्या दिवशी क्रिस्पिम दुसऱ्याच्या होडीतून आला, उन्हानं सोललेला, आणि आल्याआल्या म्हणाला, "रडताय काय सगळ्या? जेवायला काय आहे?"

तेव्हापासून मावशीचा नेम. शिंपल्या भाजून केलेला चुना, रांजणात सहा महिने भिजलेला, घट्ट दह्यासारखा. माडाच्या काथ्याचा कुंचा. आणि पांढऱ्याला उजाळा यावा म्हणून नीळ, पण चिमूटभरच. "नीळ जास्त पडली की आजोबा आजारी दिसतात," असं ती सांगायची. बघताबघता एकेचाळीस वर्षं झाली. क्रिस्पिमला जाऊनही आता आठ वर्षं झाली. तो समुद्रात गेला नाही, अंथरुणात गेला, हे मावशी सांवाचेच उपकार मानते.

यंदा मात्र राजधानीहून एक बाई आल्या. किल्ल्याच्या बुरुजावर जुन्या तोफा पुन्हा मांडायच्या होत्या आणि त्यांच्या यादीत आजोबाही होते. बाईंचं नाव नीसिया. बेटावर शिकलेल्या माणसाला डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवशी तिघींनी त्यांना गुडघे दाखवले.

"मी माणसांची डॉक्टर नाही हो, भिंतींची आहे," त्या म्हणाल्या.

"मग गुडघ्यांचंच बघा," मावशी म्हणाली. "माझे भिंतीपेक्षा जुने आहेत."

बाई हसल्या. मग मुद्द्यावर आल्या. "मावशी, ही तोफ इथून हलू नये असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. लोकांची रीत चाळीसएक वर्षं खंड न पडता चालू असेल, तर मला तसं लिहिता येईल. मग ती इथंच राहील. पण मला खरं तेच लिहावं लागतं."

"एकेचाळीस!" कोपऱ्यावर जमलेली माणसं एका सुरात ओरडली. "एकही वर्ष चुकलेलं नाही!"

मावशीनं मान खाली घातली.

बाईंनी आजोबांच्या कमरेपाशी अंगठ्याएवढी जागा धरली आणि लहान सुरीनं चुना थराथरानं उतरवायला लागल्या, जिना उतरावा तसा. मग भिंग लावून मोजणी सुरू झाली. लोक मान उंच करून बघत होते. मावशी चर्चच्या पायरीवर बसली होती. ओठ हलत होते, पण प्रार्थना पुढे सरकत नव्हती. एकच वर्ष पुन्हा पुन्हा आडवं येत होतं.

बारावं वर्ष. त्या वर्षी तिची लिंदाउरा गेली. सहा वर्षांची पोर, तापानं, चार दिवसांत. सण आला, रांजणात चुना तयार होता, आणि मावशीनं रांजणावर फळी टाकून वर दगड ठेवला. "नवरा दिलास आणि पोर नेलीस," ती चुलीपाशी बसून सांवाला म्हणाली. "आता तुझे कपडे तूच बघ." वर्षभर ती त्या कोपऱ्यावरून गेली नाही. मागच्या गल्लीनं बाजाराला जायची. पुढच्या सणाला राग निवला आणि ती पुन्हा कुंचा घेऊन गेली. पण मधल्या खाड्याचं ती कोणाला बोलली नाही, पाद्रीबाबांनाही नाही. लोकांनी "एकही वर्ष नाही चुकलं" म्हटलं की ती मान खाली घालायची आणि लोकांना वाटायचं, किती नम्र बाई!

आता खरं सांगावं तर आजोबा जाणार. न सांगावं तर सांवाच्या दारात बसून खोटं.

मावशी गुडघ्यावर हात देऊन उठली. "डॉक्टरबाई, मोजू नका. चाळीसच भरतील. एक वर्ष मी चुना लावला नाही. माझी पोर गेली होती आणि मी सांवाशी भांडले होते."

बाईंनी भिंग खाली घेतलं.

"पण मावशी, एकेचाळीसच आहेत. मी दोनदा मोजले. फक्त खालून बारावा थर निराळा आहे. तो पांढरा नाही. चक्क निळा आहे."

मावशीचा चेहरा तापला. "तो थर नव्हे! ते त्या जोविनाचं पाणी!" तिनं शेजारच्या दाराकडे बोट केलं.

जोविना ही कपडे धुणारी. तेराव्या सणाला मावशीला उन्हापावसानं विटलेल्या आजोबांच्या अंगावर निळे ओघळ दिसले होते आणि जोविनानं निळीची बादली मुद्दाम त्यांच्यावर ओतली असं तिनं धरलं होतं. भर गल्लीत नको ते बोलली होती. त्यानंतर एकोणतीस वर्षं दोघींत एक शब्द नाही. भिंतीला भिंत, आणि मीठसुद्धा मागायचं नाही.

"पाणी नाही हो," बाई म्हणाल्या. "यात कुंच्याचे फराटे आहेत. कोणीतरी नीट दोन हात मारलेत. म्हणजे नीट नाही, पण मारलेत."

जोविना दारात उभी होती. हात साबणाचे. ती हसायला लागली आणि हसता हसता झग्याची कड डोळ्यांना लावली.

"तुझा नवरा गं तो, बये! पहाटेच आला माझ्याकडे. म्हणाला, जोविना, नीळ दे, देल्मिरा घालते तेवढी. मी म्हटलं, चिमूटभर घाल. तर त्या बाप्यानं अख्खी वडी चुन्यात टाकली! आजोबा असे निळे झाले, की कुत्री भुंकायला लागली. लोकांना वाटलं, दुःखात तुझाच हात सुटला, म्हणून कोणी तुला काही विचारलं नाही."

"मग मला बोलली का नाहीस?"

"शपथ घातली होती ना त्यानं, सांवाची. म्हणाला, भांडण तिचं आहे, ते तिला भांडू दे. पण हा चुना तिच्याच नावावर पडू दे, माझ्या नको." जोविनानं हात पुसले. "तू मला काय काय बोललीस गं! घूस म्हणालीस. ओठांवर आलं होतं सगळं, पण शपथ."

मावशी आजोबांपाशी गेली. भिंगाची गरजच नव्हती. पांढऱ्या पांढऱ्या पापुद्र्यांत एक निळी रेघ, नखाएवढी. क्रिस्पिमला आयुष्यात कॉफीत साखरसुद्धा मापात घालता आली नव्हती. तिनं रेघेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काढलं नाही.

"आता काय लिहाल?" कोणीतरी बाईंना विचारलं.

"जे आहे ते. एकेचाळीस वर्षं, खंड नाही. एक वर्ष नवऱ्यानं."

सणाच्या आदल्या सकाळी मावशीनं रांजणावरची फळी काढली. मग भिंतीपलीकडे हाक मारली, "जोविना, नीळ आहे का गं?"

"चिमूटभर हवी की तुझ्या नवऱ्यासारखी?" पलीकडून आलं, आणि मागोमाग जोविनाच आली, हातात पुडी आणि दुसरा कुंचा घेऊन.

दोघींनी मिळून आजोबांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरं केलं. कमरेपाशी निळी रेघ उघडी होती त्या अंगठ्याएवढ्या जागेभोवती मावशीनं कुंचा हळूच वळवून नेला.

"तिथं राहिलं की गं," जोविना म्हणाली.

"राहू दे," मावशी म्हणाली. "तेवढं झालंय."