हाडांच्या बाई

बाई वर्गात आल्या की आधी टेबलावर हाड ठेवायच्या आणि मग पर्स. कधी शेळीचा खांदा, कधी कुत्र्याचा जबडा, कधी नीरा नदीच्या वाळूत सापडलेला एखादा मणका. ते हाड कुणाचं, हे आम्ही ओळखायचं. वडगावच्या आमच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवत. बाकीच्या शाळांत हाडाचे शिक्षक असतील, आमच्या बाई हाडांच्या होत्या. त्यांच्या डब्यातसुद्धा एखादं हाड निघेल म्हणून इतर शिक्षिका त्यांच्याशेजारी जेवायला बसत नसत. हाडांचं ते निमित्त होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

बाई इंदापूरकडच्या. गावात नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आडनाव काय? गाव कंचं?" विचारणाऱ्याला गाव नको असतं, जात हवी असते, आणि हे दोघांनाही ठाऊक असतं. बाईंचे वडील छप्पन्न साली बौद्ध झालेले. ते त्या ताठ मानेनं सांगत, पण आधी हसून म्हणत, "मूळ गाव आफ्रिका. तुमचंही तेच. आपण सगळी एकाच आईची लेकरं, फार लांबची." विचारणारा चहाचा कप हातात धरून नुसता बघत राही. रागवावं तर नेमकं कशावर, हे त्याला उमगत नसे.

धडा संपला की त्या हात झटकून म्हणायच्या, "एवढं आजपुरतं खरं. उद्या नवं काही सापडलं तर मी येऊन सांगेन." आम्हाला हे मुळीच आवडत नसे. परीक्षेत आजचं लिहायचं की उद्याचं? पण बाई बोलल्याप्रमाणे खरंच करत. माळेगावच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी भर बाजारात थांबवलं आणि आपण त्याच्या वेळी माशांबद्दल काय चुकीचं शिकवलं ते सांगितलं. तो बिचारा कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन "व्हय बाई, व्हय बाई" करत उभा होता.

मी दहावीत असताना आमच्या दारी हेळवी आला. हेळवी म्हणजे घराण्याची वंशावळ तोंडपाठ ठेवणारा माणूस. नंदीवर बसून गावोगाव फिरतो, ज्या त्या घराच्या पूर्वजांची नावं म्हणून दाखवतो आणि धान्य घेऊन जातो. आमच्या आजोबांना, म्हणजे आबांना, त्याचं भारी कौतुक. त्यानं ओट्यावर बसून खापरपणजोबापासून नावं घेत घेत वडिलांपर्यंत आणलं आणि विचारलं, "फुडं काय लावू?"

"तीन पोरी हायत," आबा म्हणाले.

"मग हितंच थांबतंय म्हना की."

आई सुपात धान्य घेऊन दारात उभी होती. तिच्या हातातलं सूप हललं नाही, पण चेहरा उतरला. त्या आठवड्यातच कोऱ्हाळ्याच्या एका मुलीचं नाव घरात ऐकू येऊ लागलं. वडिलांनी दुसरी बायको करावी आणि आईला माहेरी पाठवावं, असं आबांचं म्हणणं. वडील "बघू" म्हणायचे. तो "बघू" ऐकला की आईचा हात भाकरीवरच थांबायचा. आम्हा बहिणींना आई गमावण्याची भीती एवढी वाटली की आम्ही आपापसातसुद्धा बोलेनाशा झालो. शेवटी मी बाईंना सांगितलं.

बाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आल्या त्या आमच्या मेलेल्या म्हशीचा जबडा मागायला. आबांना ही मागणी विचित्र वाटली, पण मास्तरणीला नाही कसं म्हणायचं? म्हैस टाकली होती त्या कालव्याकडं त्यांनी गड्याला पिटाळलं. तो येईपर्यंत बाईंनी त्या वर्षीची नवी बातमी सांगायला घेतली. युरोपातल्या एका गुहेत फार पूर्वी हाडं सापडली होती. आपल्यासारखीच, पण वेगळ्या जातीची माणसं होती ती, आता नामशेष झालेली. त्यातल्या एका दंडाच्या हाडातून शास्त्रज्ञांनी आनुवंशिक धागा काढून वाचला होता.

"बापाचा?" आबांनी विचारलं.

"आईचा. हा धागा आई सगळ्या लेकरांना देते, पण पुढं नेतात फक्त मुली. आबा, तुमच्यात तुमच्या आईचा आहे. तुमच्या मुलात त्याच्या आईचा. तुमच्या आईचा तुम्ही पुढं दिलाच नाहीत. देताच येत नाही."

बाईंनी हळूच विचारलं, "हेळव्यानं एवढी नावं घेतली. तुमच्या आईचं घेतलं?"

"न्हाय."

"तुम्ही विचारलंत?"

आबांची आई ते लहान असताना गेली होती. तिचा विषय निघाला की अजूनही ते पागोट्याच्या शेवानं डोळे टिपत. आताही त्यांनी शेव डोळ्यांना लावला. मग म्हणाले, "आन् नवी सून आनली तर?"

"तिला मुलगा झाला तर धागा तिथंच थांबणार. या घरात तो पुढं नेणाऱ्या तिघी आहेत, आणि तुम्ही त्यांच्याच आईला बाजूला सारताय."

"त्या गुहंतल्या मानसांचं काय झालं? पोरं न्हवती त्यांना?"

"मुलगे असतील पुष्कळ. मुलींचा धागा तुटला. त्यांचं आपल्यात काही उरलं नाही."

दुसऱ्या दिवशी आबांनी कोऱ्हाळ्याला निरोप धाडला की आमचं जमत नाही. कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी पुढं शिकले, आज प्रयोगशाळेत काम करते. पण बाईंचे उपकार मोजायला बसले तर माझं शिक्षण नंतर येतं, आई आधी.

पुढं बाई निवृत्त होऊन इंदापूरला गेल्या. बऱ्याच वर्षांनी, मी सुट्टीला घरी असताना, त्या एसटीनं अचानक आल्या. केस पांढरे, गुडघे दुखरे, हातात हाड नव्हतं. आबा तेव्हा खाटेवर होते. आई त्यांना दुधात भाकरी कुस्करून भरवत होती. बाई खाटेजवळ बसल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आबा, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. त्या गुहेतल्या माणसांचं काहीच उरलं नाही म्हटलं होतं ना? उरलंय. तो एक धागा तुटला, पण बाकीचे पुष्कळ होते, ते वाचायला तेव्हा जमलं नव्हतं. त्यांची आपल्या माणसांत लग्नं झाली. तुमच्यात, माझ्यात थोडं थोडं आहे त्यांचं. आणि बापाकडूनही निम्मं येतंच. ते सांगायचं मी तेव्हा मुद्दाम टाळलं."

आबा घास चावत ऐकत होते. "म्हंजी पावनी मानसं घरातच ऱ्हायली म्हना," ते म्हणाले आणि पुढच्या घासासाठी त्यांनी आईकडं तोंड वळवलं.

परत जाताना आई आणि मी बाईंना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. बाई जबडा मागायला आल्या त्या संध्याकाळबद्दल आई उभ्या जन्मात कुणाशी बोलली नव्हती. बाई अजून अस्वस्थच होत्या. म्हणाल्या, "वहिनी, मी अर्धं सांगून तुमच्या सासऱ्यांना गप्प केलं. बरोबर नव्हतं ते."

आईनं त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"असंल, बाई," ती म्हणाली. "पन मी ऱ्हायले की माज्या पोरींपाशी."