वरची ओळ पिवळी झाली

स्नेहल कळंबची. रोज एसटीने मंचरला जाऊन तौहीद सरांच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकली आणि लग्न होऊन निरगुडसरला आली. सासरी त्या शिकण्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. २००५ साली गावच्या डेअरीत कॉम्प्युटर आला आणि महिनाभर प्लास्टिकच्या कव्हराखालीच बसून राहिला. शेवटी तिचे सासरे सावळाराम चेअरमनना म्हणाले, "आमच्या सूनबाईला येतंय की ते!" दुसऱ्या दिवसापासून स्नेहल डेअरीत जाऊ लागली.

सकाळी दूध घालायला आलेल्या बायकांचं बोलणं गाईंवरच चाले. कुणाची गाभण राहायला कधी भरवली, दूध काढणं थांबवून कधी आटवायची, कधी व्यायची. एकीने गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने तारीख लिहिली होती, ती सासूने सारवताना पुसून टाकली. ते ऐकून स्नेहलने एक्सेलमध्ये तक्ता मांडला. मालकाचं नाव, गाय, भरवल्याची तारीख, आणि त्यात नऊ महिन्यांवर थोडे दिवस धरून व्यायची तारीख. पण गावातल्या इतक्या तारखा रोज वाचणार कोण? म्हणून तिने कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं. वेत जवळ आलं की रंग पिवळा.

आधी नुसती तारखेची चौकट पिवळी झाली. मग क्लासमधलं आठवून तिने अख्खा तक्ता सिलेक्ट केला आणि सूत्रात रकान्याच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह टाकलं, तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी ओळ पिवळीधमक झाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, ती आपली आपणच हसली.

ओळ हौशीराम नानांची होती. गाय व्यायला आलीय, असा तिने लगेच निरोप धाडला.

आठवड्याने नाना डेअरीत हजर. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. "सूनबाई, गोठ्यात खाट टाकून बसलोय. लेकीच्या घरची वास्तुशांत बुडवली. गाय माझ्याकडं बघती आन् निवांत रवंथ करती. तिला काय घाईच न्हाई!"

तेवढ्यात मागून प्रयागबाई चिकाचं पातेलं घेऊन आल्या. "माझी तांबडी काल दुपारी अचानक व्याली गं. मी कांद्यात खुरपत व्हते. शेजारच्या लंकाबाईनं वरडून बोलावलं म्हणून बरं. पाडी झाली, लई गोड हाय. हा घे चीक, खरवस कर."

पातेलं टेबलावर ठेवून स्नेहलने तक्ता उघडला. हौशीराम नानांच्या बरोबर खाली प्रयागबाईंची ओळ. पिवळी व्हायला हवी होती ती ही, आणि झाली होती वरची! तिने तौहीद सरांना फोन लावला.

"सिलेक्ट कुठून केलंस?" सरांनी विचारलं.

"पहिल्या ओळीपासून. मथळ्यासकट."

"आणि सूत्रात ओळ कितवी?"

"दुसरी," म्हणता म्हणता तिलाच उमगलं. पहिल्या ओळीला दुसरीची तारीख लागली होती, त्यामुळे प्रत्येक ओळ आपल्या खालच्या ओळीची तारीख बघून रंगत होती. तिने मथळा सोडून पुन्हा सिलेक्ट केलं, सूत्र पुन्हा लिहिलं, आणि पिवळा रंग आपल्या जागी उतरला.

"नाना, चूक माझी. तुमच्या गाईला अजून दीड महिना हाय," ती म्हणाली.

नानांना हसू फुटलं. "म्हंजी मी प्रयागबाईच्या गाईची राखण करत व्हतो!" प्रयागबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की कॅन उतरवणारे गडी आत डोकावले.

स्नेहलला वाटलं होतं, आता आपल्याकडे कुणी फिरकणार नाही. झालं उलटंच. सांगायला मजेदार गोष्ट मिळाली आणि तक्ता गावभर झाला. खिडकीशी येऊन बायका विचारू लागल्या, "आमचं पिवळं झालं का?" गाय आटवायची वेळ कळावी म्हणून तिने दुसरा, निळा रंग लावला. निरोप धाडण्याआधी मात्र ती ओळीवर बोट ठेवून नाव आणि तारीख ताडून बघायची.

चारेक वर्षांनी कळंबच्या डेअरीनेही तसाच तक्ता मांडायला तिला बोलावलं. तिचे वडील गेणभाऊ दिवसभर स्टुलावर बसून तिची फिरती बोटं बघत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. पण येणाऱ्या प्रत्येकाला ते चहा पाजत होते आणि न विचारता सांगत होते, "थोरली हाय माझी. निरगुडसरला दिलीय."