गच्चीची किल्ली भोईरकाकूंकडे

भोईरकाकूंच्या दारात कुणीही आलं की त्या आधी पाण्याचा ग्लास पुढे करायच्या आणि मग त्या ग्लासाकडे बघत बसायच्या. त्यात पाहुणचार कमी, तपासणी जास्त. "खरा मानूस पानी पितो नि मंग बोलतो," असं त्यांचं म्हणणं. "खोटा मानूस ग्लास धरून बोलतच रहातो." शीळफाट्याकडच्या त्यांच्या माहेरी, रस्त्यासाठी वडिलांचं भातशेत मागायला आलेल्या साहेबाने पाण्याला तोंडही लावलं नव्हतं म्हणे. शेत गेलं आणि ही परीक्षा लग्नानंतर काकूंसोबत डोंबिवलीला आली.

मी सोसायटीची सेक्रेटरी झाले तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, गच्चीची किल्ली मागायला. नियमाने ती माझ्याकडे असायला हवी होती. जिने चढून घसा कोरडा पडलेला, मी ग्लास गटागटा संपवला. काकू खूश झाल्या, चहा केला, किल्ली मात्र दिली नाही. उन्हाळाभर गच्चीवर त्यांचे पापड, मिरच्या आणि एका कोपऱ्यात बोंबील वाळत असायचे. बोंबलांवरून तिसऱ्या मजल्याशी भांडण होतं आणि ते दोन्ही बाजूंनी मन लावून चालायचं.

गच्चीवर सोलार पॅनल बसवायचा विषय निघाला तेव्हा काकू भर सभेत उभ्या राहिल्या. "आज पट्टे ठेवतील, उद्या गच्ची आमची म्हनतील. आयत्या बिळात नागोबा. मना नको सांगू." कुणी फारसा वाद घातला नाही. महापालिका शहराबाहेर कुठेतरी मोठा सौर प्रकल्प उभारणारच होती, मग आपल्या डोक्यावर कशाला, असं सगळ्यांनाच वाटत होतं. ठराव बारगळला आणि आम्ही वडे खाऊन घरी गेलो.

"कुठेतरी" म्हणजे कुठे, हे काही दिवसांनी काकूंच्या भावाच्या फोनवरून कळलं. प्रकल्प त्यांच्याच गावच्या डोंगरावर येणार होता. तिथे गावाची गुरं चरतात आणि माथ्यावर शेंदूर लावलेला गावदेव आहे. काकू मला घेऊन रिक्षाने निघाल्या. एकटीला बघून पाहणीला येणारा साहेब इंग्रजीत गुंडाळेल, अशी त्यांना शंका होती.

डोंगरावर महापालिकेचा अधिकारी नकाशा उघडून उभा होता. बोलायला अगदी सभ्य. "पडीक जागा आहे, मावशी. कुणाचंही नुकसान नाही." समोर शेळ्या त्याच पडीक जागेवर पोट भरत होत्या. काकूंनी पिशवीतून बाटली आणि ग्लास काढून त्याला पाणी दिलं. तो ग्लास धरून बोलत राहिला.

"तुमच्या हापिसाच्या छपरावर हायत का हे पट्टे?" काकूंनी मध्येच विचारलं.

"ते विचाराधीन आहे."

"म्हंजे नाय. शाळेवर? दवाखान्यावर?"

त्याने नकाशाची घडी घालायला घेतली.

डोंबिवलीला परतल्यावर काकू थेट गच्चीवर गेल्या. त्यांनी अर्धवट सुकलेले पापड गोळा केले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "बसव."

"विश्वास बसला?" मी विचारलं.

"कुनावर? अगो, आपुन छप्पर नाय दिला त ते डोंगर घेतील. नि नको बोलनारी मीच व्हती." शेत गेलं तेव्हा त्या लहान होत्या, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. या वेळी होतं, हे त्यांना फार लागलं होतं.

मग काकू गल्लीतल्या प्रत्येक इमारतीत गेल्या. गंमत अशी, की जन्मभर कशावरच विश्वास न ठेवल्यामुळे लोकांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. भोईरकाकू हो म्हणतात म्हणजे वाजवून घेतलं असणार, म्हणत एकेका सोसायटीने गच्ची दिली. तेवढ्या बळावर काकू ठाण्याला जिल्हा कचेरीत खेटे घालू लागल्या. मागणी एकच, आधी शहरातली छपरं भरा, मग आमच्या डोंगराकडे बघा. डोंगरावरचं काम लांबत गेलं. आमच्या गच्चीवरच्या पॅनलवरही त्यांचा पहारा होताच. "ढग आला का मीटर कमी दाखवतो," त्या म्हणायच्या. "येवढी तरी लाज हाय त्याला."

गेल्या वर्षी काकू गेल्या. डोंगराचं काय होणार, हे त्यांना कळलंच नाही. मला त्यांची फार आठवण येते. बोंबलांशिवाय गच्ची ओकीबोकी वाटते, असं परवा तिसरा मजलाच म्हणाला.

मागच्या आठवड्यात तोच अधिकारी आमची पॅनल बघायला आला. फोटो काढले, तोंडभर कौतुक केलं. मी त्याला घरात बसवून पाणी दिलं.

"त्या डोंगराचा विषय आता बंद झालाय," तो म्हणाला. "गावाला सांगा, निर्धास्त राहा." मग तो बराच वेळ बोलत राहिला, घड्याळ बघून उठला आणि ग्लास भरलेला तसाच टीपॉयवर ठेवून गेला.

दार लावलं आणि मी आधी काकूंच्या भावाला फोन केला.