अर्धा सपाट चमचा मीठ

चमचाबेन कधी बसायच्या नाहीत. निदान बडोद्याजवळच्या आमच्या बाजव्यात त्यांना बसलेलं पाहिल्याचं कोणी छातीठोक सांगणार नाही. घरात शिरायच्या त्या एक चप्पल पायात ठेवूनच. चहा उंबऱ्यात, उभ्यानं. कोणी खुर्ची पुढे केलीच, तर तिच्या पाठीला पर्स अडकवून बोलायला लागायच्या. बाहेर त्यांची स्कूटी सुरूच असायची. फुकट पेट्रोल जळतंय, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "जळू द्या. बंद केली की परत चालू व्हायला रुसते. माझंपण तसंच आहे," असं म्हणून त्या पुढच्या घरी गेल्यासुद्धा.

नावावरून गैरसमज नको. पुढाऱ्यांच्या मागेपुढे करणाऱ्या चमच्यांपैकी त्या नव्हेत. त्या आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या नर्स. पर्समध्ये स्टीलचा एक चमचा कायम असायचा, म्हणून बायकांनी ठेवलेलं हे नाव. घराणं जुन्या बडोद्यातलं, कुणी खापरपणजोबा संस्थानाच्या फौजेत शिपाई होते म्हणे. त्यांच्या मराठीला गुजरातीची फोडणी असायची. "हवे ऐका," म्हणजे आता ऐका, "शांती राखा," आणि निघताना "आवजो". मी साताऱ्याकडचा, नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर. नवा होतो तेव्हा या मराठीची मला फार गंमत वाटायची. आता माझी मुलगी तेच बोलते आणि मी गप्प ऐकतो.

पेशी हा चमचाबेनचा लाडका विषय. अंगणवाडीत बायका पोरांना डोस पाजायला जमल्या, की या भिंतीला टेकायच्यासुद्धा नाहीत, येरझाऱ्या घालत सांगायच्या. आपलं शरीर म्हणजे लहान लहान घरं, प्रत्येक घराला भिंत, भिंतीला दारं. पाणी सारखं आत जातं, बाहेर येतं. सगळं निवांत दिसतं तेव्हाही जेवढं आत तेवढं बाहेर, एवढंच. थांबत कोणीच नाही. "ही ये-जा चालू आहे तोवर माणूस चालू आहे," त्या म्हणायच्या, "पेशी बसली की माणूस गेला." मग माझ्याकडे बघून, "म्हणून मी बसत नाही, भाई."

जुलाबाचं पाणी शिकवायची त्यांची पद्धत स्वयंपाकघरातली होती. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून ठेवलं, की थोड्या वेळानं ताटलीत पाणी साचतं. ते कुठून आलं? काकडीच्या पेशींतून. मीठ बाहेर जास्त झालं की पाणी घर सोडून त्याच्याकडे धावतं. बाळाचंही तसंच, म्हणून मीठ जपून. आणि साखर का, तर आतड्याच्या भिंतीतली काही दारं अशी आहेत, की मीठ एकटं आलं तर ती उघडतच नाहीत. साखर सोबत असली की दोघांना आत घेतात, आणि पाणी त्यांच्या मागोमाग आत. लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हे त्या बायकांकडून पाढ्यासारखं म्हणून घ्यायच्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं, हा वरचा नियम.

मी हे सगळं दारात उभा राहून ऐकलेलं आहे. मुलीला कडेवर घेऊन, अर्ध्या कानानं. इथंच माझी गोष्ट बिघडते.

आमची रेवा दीड वर्षाची असताना तिला जुलाब-उलट्या लागल्या. चमचाबेननी जुलाबाच्या पाण्याच्या दोन तयार पुड्या देऊन ठेवल्या होत्या, त्या उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सकाळी संपल्या. उत्तरायणाला बडोद्यात औषधाचं दुकानसुद्धा उघडं सापडत नाही, सगळं गाव पतंग घेऊन गच्चीवर. वैशाली, म्हणजे माझी बायको, रात्रभर जागून पोरीपाशी डोळे मिटून पडली होती. म्हटलं, पाणी आपण करू. कारखान्यात हजारो लिटरची द्रावणं करणारा माणूस मी, लिटरभर पाण्याचं ते काय? आता खरं सांगायचं तर मला साखरेचा राग होता. इथं आल्यापासून वरणात साखर, भाजीत साखर, कढीत साखर. सहा चमचे हा आकडा मला त्याच गोड हाताचा वाटला. अंगातून गेलंय मीठ, साखरेचे लाड कशाला, असा हिशेब करून मी तांब्याभर पाण्यात दोन चमचे साखर घातली आणि शीग लावून दोन चमचे मीठ. चाखूनही पाहिलं नाही. वैशालीला उठवलं आणि बाटली भरून तिच्या हातात दिली.

रेवा तहानेनं तोंड वाकडं करत प्यायली. दुपारपर्यंत जुलाब दुप्पट झाले. डोळे खोल गेले. रडली तर पाणी येईना. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. गच्च्यांवर पोरं ओरडत होती आणि मी खोलीभर नुसता फिरत होतो. तेवढ्यात गळ्याला मांज्याच्या भीतीनं ओढणी गुंडाळलेल्या चमचाबेन दारात उभ्या राहिल्या. सुट्टीच्या दिवशी त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पुड्या संपल्या असतील, एवढ्या हिशेबानं आल्या होत्या.

त्यांनी पोरीला पाहिलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग टेबलावरच्या तांब्यातलं पाणी चमच्यानं चाखलं. लगेच मोरीत जाऊन थुंकल्या. वैशाली आत रेवाचे कपडे बदलत होती.

"कोणी केलं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी म्हटलं, "मी."

त्यांनी तांब्या मोरीत रिकामा केला. जवळची पुडी लिटरभर पाण्यात सोडली, दोन्ही चपला काढल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. रेवाला मांडीवर घेऊन एक चमचा दिला. मला म्हणाल्या, साठ मोजा. मी मोजले. "भाई, सावकाश. तुमची घाई तिच्या आतड्याला समजत नाही." परत एक चमचा, परत साठ. सणाच्या गर्दीत ॲम्ब्युलन्सला दीड तास लागला. त्या दीड तासात त्या एकदाही उठल्या नाहीत. स्कूटी बाहेर केव्हाच बंद पडली होती. ॲम्ब्युलन्स यायच्या जरा आधी रेवानं त्यांच्या साडीवर लघवी केली आणि "पाणी पोचलं," म्हणत चमचाबेन पहिल्यांदा हसल्या.

वैशाली पिशवी भरत होती, तेवढ्यात मी त्यांना नळापाशी गाठलं. तिला सांगू नका, म्हणालो. हात जोडलेच म्हणा ना. त्यांनी साडीचा ओला पदर पिळला.

"मी नाही सांगत. तुमी सांगा. पण उशीर करू नका. मीठ आत धरून ठेवलं की ते सगळं पाणी आपल्याकडे ओढतं."

दोन दिवस सलाईन लागलं आणि रेवा घरी आली. आठवड्यानं वजन भरलं, महिन्यानं धावायला लागली. मी मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. वैशाली दमलेली असायची, मी शिफ्टवरून आलेला असायचो, कधी सासूबाई असायच्या. कारणं काय, मागितली तेवढी मिळतात. रेवा जरा शिंकली तरी मी तिचं कपाळ चाचपत बसायचो. वैशाली म्हणायची, तुम्ही उगाच फार घाबरता. मी म्हणायचो, हो.

चमचाबेन मात्र विसरल्या नाहीत. बदली होईपर्यंत आमच्याकडे येत राहिल्या. उंबऱ्यात चहा घ्यायच्या, वैशाली कपबशी घेऊन आत वळली की माझ्याकडे भुवया उचलून विचारायच्या, "कह्युं?" सांगितलं का, एवढाच त्याचा अर्थ. मी नाही अशी मान हलवायचो. त्या "हं" म्हणायच्या आणि स्कूटीवर बसायच्या. मला त्यांचा राग यायचा. नंतर नंतर तर त्यांची स्कूटी ऐकली की मी भाजी आणायच्या निमित्तानं मागच्या दारानं निघायचो. ज्यांनी माझं लेकरू वाचवलं, त्यांना चुकवायचो. याची लाज मला अजून वाटते.

निवृत्तीनंतर त्या बडोद्यात, मांडवीमागच्या आपल्या जुन्या घरात राहायला गेल्या. गेल्या वर्षी कळलं, हृदय थकलंय, पाय सुजलेत. मी रेवाला घेऊन भेटायला गेलो. रेवा आता त्यांच्या खांद्याएवढी. चमचाबेन खुर्चीत होत्या, आणि ते बघणंच जड होतं. बोटं सारखी खुर्चीच्या हातावर वाजत होती. डॉक्टरांनी दिवसाला लिटरभरच पाणी ठरवून दिलं होतं. जन्मभर दुसऱ्यांना पाणी पाजा म्हणून ओरडणाऱ्या बाईला. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. "जुओ, आत आलंय ते जायचं नावच घेत नाही," असं रेवाला दाखवत त्या म्हणाल्या, अगदी अंगणवाडीत शिकवावं तशा. मग तिला सुनेकडे चहा सांगायला पाठवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"कह्युं?"

मी म्हटलं, "हो. सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

 हसली, असं काहीतरी मी पुटपुटलो. चमचाबेनची बोटं खुर्चीच्या हातावर थांबली. मग त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि रेवाच्या शाळेचं विचारायला लागल्या.

तीन आठवड्यांनी त्या गेल्या. तेराव्याला जाऊन आलो. येताना बसमध्ये मला बसवेना, जागा असून मी दांडा धरून उभा राहिलो. मरत्या माणसाशी खोटं बोललो होतो, आणि आता ते खरं करायला एकच रस्ता उरला होता. घरात आलो. वैशाली मेथी निवडत बसली होती. पाणीही न पिता मी सगळं सांगून टाकलं. साखर किती, मीठ किती, तांब्या मोरीत कसा ओतला, सगळं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. मेथी निवडणं चालूच होतं. "दवाखान्यात निघताना बाटलीच्या तळाला उरलं होतं, ते मी चाखलं. बेनना विचारलं, तर त्यांनी मला शपथ घातली. म्हणाल्या, त्यांना विचारायचं नाही, ते आपणहून सांगतील. मला वाटलं होतं, आठवड्यात सांगाल."

मी तिच्यासमोर खाली बसलो. रागावली नाहीस का, असं विचारलं.

"रागावले ना," ती म्हणाली. "त्या दिवसापासून या घरात तुम्ही कशात मीठ घातलंय? आठवा."

मी आठवू लागलो. पोहे मी करतो. सकाळचं ऑम्लेट मी करतो. रविवारचं मटण तर मीच करतो. मीठ दर वेळी तीच येऊन घालून जायची.