आई एका जागी बसेना

कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी सुट्टीत घरच्या कुणाचं तरी तैलरंगात व्यक्तिचित्र करून आणायला सांगितलं. मी आईला धरलं.

आमचा म्हशींचा धंदा. गोठा पेठेतल्या घरामागेच. बाबा रोज म्हशी घेऊन चौकातल्या दूधकट्ट्यावर उभे राहायचे, लोकांसमोर धार काढून दूध द्यायचे. शेणघाण, वैरण, रेडकं हे सगळं आईकडे.

सरांची शिकवण कडक. आधी कोळशानं रेखाटन, मग छाया-प्रकाश, ते पक्कं झालं की रंगाला हात. मॉडेलनं हलायचं नाही. मला ते चांगलं जमायचं. माझी चित्रं फोटोसारखी दिसतात असं वर्गात म्हणत आणि मला त्याचा अभिमान वाटे.

आई ठेवणीतली साडी नेसून खिडकीपाशी बसली. मी तिचे डोळे आखतेय तोवर उठली.

"रेडकू सुटलंय वाटतं."

परत आली ती पदर खोचून, मान भलतीकडे करून.

"आई, हलू नको की गं!"

"मग श्वास बी घेऊ नको काय?" थोड्या वेळानं तिचा आवाज उतरला. "तू अशी टक लावून बघतीस, मला मेल्यागत वाटतंय. हार घालायचा फोटो काढतीस काय?"

मी कोळसा खाली ठेवला. शेवटी मोबाईलवर तिचा फोटो काढून त्यावरून चित्र पुरं केलं. सरांना आवडलं, महाविद्यालयात लावलंही. घरी आणल्यावर आईनं ते निरखून पाहिलं.

"साडी झ्याक आलीया. पर बाई कोण ही?"

थट्टा नव्हती ती. तिला खरंच ओळख पटली नव्हती. मला ते फार लागलं.

मग मी कागद आणि शाई घेऊन गोठ्यातच बसायला लागले. आई थांबायची नाही, त्यामुळे चेहरा हाती लागायचाच नाही. पाठ दिसे, कोपर दिसे, वाकताना खांदा कसा पुढे येतो ते दिसे. म्हशीनं शेपटी झटकली की कागद गेला. पुढं शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले, तरी सकाळी तासभर गोठ्यात बसणं सुटलं नाही. हळूहळू बघणं वाढलं आणि हात कमी चालायला लागला. ब्रश रुंद झाला. चित्रातून आधी नाक-डोळे गेले, मग दागिने, मग भिंत. काय सोडायचं हे ठरवण्यातच वर्षं गेली. मधे कित्येकदा वाटे, आपण शिकलेलं सगळं घालवून बसलो.

मागल्या हिवाळ्यात शहरात माझं प्रदर्शन लागलं. सर आले. आता काठी घेऊन चालतात. बादली उचलणाऱ्या आईच्या चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले.

"हे मी तुला शिकवलेलं नाही," ते म्हणाले. "पण बादली भरलेली आहे, हे कळतंय. वजन खरं आहे."

तेवढ्यात आई आली. भराभर सगळी चित्रं बघत निघाली आणि त्याच चित्रापाशी थबकली.

"ह्या दिवशी माझी कंबर लई दुखत हुती."

"तुला कसं आठवतंय?"

"आठवायचं काय त्यात? उभी ऱ्हायलीया बघ की कशी."

मी इतक्या जवळ बसून ते काढलं होतं, पण तिला दुखतंय हे मला ठाऊक नव्हतं. हातानं टिपलं, माझ्या मनात उतरलं नव्हतं. सरांनी आईला वाकून नमस्कार केला तशी ती पार अवघडली.

त्याच आठवड्यात मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. नको नको म्हणत आली. आता सकाळचं शेण काढायला एक बाई येते, आणि आई तिच्या मागं उभी राहून तिला चुका दाखवत असते.