बर्फ्याची पिशवी

"साबण कुठाय?"

"कसला साबण?"

"अंगाचा. पाच वस्तू सांगितल्या होत्या, चार आल्या. साबण कुठाय?"

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, आणि तीही नावापुरती. अलीकडे मी भांडी घासत होते, पलीकडे माझा धाकटा भाऊ आणि माझी भावजय भांडत होते. आदल्या रात्री तो बॉक्सिंगची लढत जिंकून आला होता, पण कानशिलावर बरेच ठोसे खाऊन.

"अगं, साबण मी लग्नाआधीही विसरायचो."

"लग्नाआधी लावायला विसरायचात. आणायला नाही."

मला हसू फुटलं. ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबला, तर फेस तोंडात गेला. तेवढ्यात भावजयीचा आवाज एकदम खाली आला.

"हसण्यावारी नेऊ नका. तुमच्या हॉलच्या दारात तो म्हातारा बसतो ना, येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच्याच घराचा पत्ता विचारतो? एकेकाळी चॅम्पियन होता, ठोसे खाऊन खाऊन तसा झालाय. मला तसा नवरा नको."

मग तिनेच अट घातली. यापुढे प्रत्येक लढतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंडी वस्तू सांगणार आणि त्याने खालच्या दुकानातून त्या आणायच्या. एक जरी राहिली, की ग्लोव्हज कायमचे खुंटीला.

"कबूल," भाऊ म्हणाला. "डॉक्टरपेक्षा स्वस्त पडेल."

भाऊ बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. आकड्याने लादी ओढायची, खांद्यावर गोणपाट टाकून ती उचलायची आणि गाडीत चढवायची. हॉलच्या मास्तरांनी त्याला तिथेच हेरलं. मुठी अशा, की दार वाजवलं तर शेजारचेही उठून बघत. लोक त्याला बर्फ्या म्हणायचे. लढतीत त्याच नावाचा ओरडा व्हायचा, आणि घरी आल्यावर सुजलेल्या डोळ्यावर कारखान्यातलाच बर्फ. "मालकाने पगार दोनदा दिला म्हणायचा," मी म्हणायची.

त्याच्या वजनाचं एक वेगळंच होतं. हलक्यांत बसत नव्हता आणि अगदी जाड्यांसमोर कमी पडायचा. मधला गट त्याचा, क्रूझरवेट. नव्वद किलोच्या जरा वर मर्यादा, तिच्या पुढे काटा गेला की लढतच नाही. हॉलचा काटा भरवशाचा नव्हता, म्हणून लढतीच्या आधी तो खालच्या दुकानातल्या पोती मोजायच्या मोठ्या काट्यावर उभा राहायचा. चपला काढायचा, श्वास रोखायचा. दुकानदार चष्मा सारून वाकून बघायचा आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "वजनात आहे!" गल्लीतली माणसं टाळ्या वाजवायची. दुकानदाराइतका लोभ भावावर आम्हा सख्ख्यांचाही नसेल. तेलाच्या डब्यांच्या वर त्याने भावाचा फोटो लावला होता.

चॅम्पियनच्या पट्ट्याची लढत मी एकटीच बघायला गेले होते. भावजय कधीच जायची नाही. समोरचा चॅम्पियन लांब हातांचा होता, भाऊ जवळ जायच्या आतच त्याचा ठोसा येऊन पोचायचा. आठव्या फेरीत भाऊ पडला. मी डोळे झाकले. शेजारची बाई म्हणाली, "उघडा आजी, उठला." मी तेव्हा आजी नव्हते, पण भांडायची ती वेळ नव्हती. उठला तो खाली वाकून आत शिरला आणि बरगड्यांवर मारत सुटला, अगदी लादी फोडावी तसा. अकराव्या फेरीत तो लांब माणूस गुडघ्यावर बसला, तो उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा बंद, ओठ फाटलेला, आणि पिशवीत सांगितलेलं सगळं. वर सुयांचं एक पाकीट.

"हे कशाला?" भावजयीने विचारलं.

"परीक्षेत जास्तीचे मार्क."

त्यानंतर तीनदा त्याने पट्टा राखला. तीनही वेळा पिशवी पुरी आली.

मग तो डावखुरा आला. तरणाबांड, आणि कुठून मारतो ते कळायचंच नाही. भाऊ दोनदा पडला, दुसऱ्यांदा पंचांनीच लढत थांबवली. पट्टा गेला. सकाळी भावजयीने मुद्दाम जास्त वस्तू सांगितल्या, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून, एकेक करून. तो कठडा धरून खाली गेला आणि सगळ्याच्या सगळ्या घेऊन वर आला. ती पिशवी मांडीवर घेऊन रडत बसली.

मी विचारलं, "अगं, आता रडतेस कशाला?"

"वन्सं, आज काहीतरी राहायला हवं होतं हो."

पण शब्द तिचाच होता, तो मोडायचा कसा? भाऊ लढत राहिला. आता मोठे हॉल नव्हते. ज्यांना नाव करायचं असेल अशी पोरं त्याला बोलवायची, माजी चॅम्पियनला हरवलं असं सांगायला. कधी जिंकायचा, जास्त वेळा हरायचा. बोलताना शब्द चघळल्यासारखे यायला लागले. एकदा मला त्याने आमच्या आईच्या नावाने हाक मारली. मी भावजयीला म्हटलं, "बघ गं जरा."

"बघते ना," ती म्हणाली. "पण परवा सातच्या सात वस्तू आणल्या त्यांनी. तुम्हाला मला तरी आठवतील का सात?"

पुढच्या लढतीच्या दुसऱ्या दिवशी दुकानदार तापाने घरी पडला होता, गल्ल्यावर त्याची बायको बसली होती. भाऊ पिशवी घेऊन खाली गेला तो येईचना. आम्ही दोघी उतरलो. बघतो तर भाऊ चपला काढून मोठ्या काट्यावर उभा, पिशवी हातात, छाती भरून श्वास रोखलेला.

दुकानदारीण गोंधळून गेली होती. "मघापासून असेच उभे आहेत. काय हवं विचारलं तर म्हणाले, आकडा सांगा."

भावजयीने त्याचा हात धरून त्याला खाली उतरवलं. "काय आणायला सांगितलं होतं मी?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग तेलाच्या डब्यांवरच्या फोटोकडे. "काका देतात ना," तो म्हणाला. "काका कुठेत?"

संध्याकाळी दुकानदार मफलर गुंडाळून स्वतः वर आला. दुकानाचं मागचं दार जिन्यातच उघडायचं. भावजय वस्तू सांगायची ते त्याला खाली शब्द न् शब्द ऐकू यायचं. भाऊ पायऱ्या उतरेपर्यंत तो सगळं काढून ठेवायचा, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"रात्रभर मार खाऊन आलेला माणूस, वहिनी. त्याला कशाला उभं करायचं, म्हटलं. तो फक्त पिशवी उघडून धरायचा. मला काय ठाऊक, तुम्ही त्याच्यावरून त्याची परीक्षा घेत होतात..."

"कधीपासून?"

"पट्टा गेला तेव्हापासून."

मला वाटलं, आता ही तोडून बोलणार. ती उठली आणि त्याला पाणी दिलं. "काका," ती म्हणाली, "मी ज्याला नापास करायला बसले होते, त्याला तुम्ही दरवेळी पास करत होतात." दुकानदाराने ग्लास तसाच खाली ठेवला.

ग्लोव्हज त्याच दिवशी खुंटीवर गेले. भाऊ विचारायचा, "हे कोणाचे?" भावजय म्हणायची, "एका मोठ्या माणसाचे." तो मान डोलवायचा.

पण पिशवी तिने बंद केली नाही. सकाळ झाली की तो दाराशी येऊन उभा राहायचा, त्याला पाठवलं नाही तर दिवसभर येरझाऱ्या घालायचा. म्हणून ती एकच वस्तू सांगायची, मीठ. आमच्या दोन्ही घरांत बरण्या, डबे, बादल्या मिठाने भरल्या. मी म्हणायची, "आता आपण समुद्र काढू विकायला." ती हसायची, आणि दुपारी हळूच दोन पुडे दुकानात परत नेऊन द्यायची.

काही वर्षांनंतरच्या एका सकाळीही तसंच झालं. भावजयीला कणकण होती, म्हणून जिन्यापाशी मीच उभी होते. "मीठ," मी म्हटलं. "मीठ," तो म्हणाला आणि कठडा धरून उतरला. मी मागोमाग गेले, पण चार पायऱ्या वरच थांबले.

त्याने चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या आणि काट्यावर उभा राहिला. सदरा अंगावर नुसता लोंबत होता. काटा मर्यादेच्या कुठल्या कुठे अलीकडेच थांबला. म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा सारला, वाकून बघितलं, आणि जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाला, "वजनात आहे!"

भावाने रोखलेला श्वास सोडला. खाली उतरून पिशवी उघडून धरली. पुडा आत पडला. मग एकेक पायरी चढत वर आला आणि पिशवी भावजयीच्या पायांपाशी ठेवली.

"काही राहिलं का?" त्याने विचारलं.

तिने पिशवीत हात घालून बघितलं, दरवेळी बघायची तसं.

"नाही हो," ती म्हणाली. "सगळं आलं."